उशीची उंची

महाभारताच्या भीष्मपर्वात उशीची एक कथा आहे. शरांनी विद्ध झालेले पितामह रथातून खाली आले, पण त्यांचे शरीर भूमीला लागले नाही. अंगात रुतलेल्या बाणांवरच ते तोलून राहिले. मस्तकाखाली मात्र बाण नव्हता, आणि ते मागे लोंबू लागले. भीष्मांनी उशी मागितली. जमलेल्या राजांनी धावत जाऊन आपापल्या शिबिरांतून मऊमऊ, तलम वस्त्रांच्या उश्या आणल्या. पितामह हसले, ह्या उश्या वीराच्या शय्येला शोभणाऱ्या नव्हेत, असे सांगून त्यांनी अर्जुनाकडे पाहिले. अर्जुनाने तीन बाण भूमीत मारले आणि लोंबणारे मस्तक त्यांच्यावर टेकवून दिले.

ही कथा सांगताना वीरधर्माचा गौरव करण्याची प्रथा आहे, आणि ती योग्यच होय. तथापि त्या प्रसंगात एक साधी शारीरिक गोष्टही दडलेली आहे. पितामहांची तक्रार शय्या कठीण असल्याची नव्हती. मस्तक लोंबत असल्याची होती. राजांनी मऊपणा आणला, अर्जुनाने आधार दिला. आज बाजारात उशी घ्यावयास जाणारा मनुष्य बहुधा त्या राजांच्याच मार्गाने जातो. तो उशी हातात घेतो, अंगठ्याने दाबून पाहतो, गालाला लावतो, आणि ‘वा, काय मऊ आहे’ म्हणून पैसे मोजतो. ती उशी किती उंच आहे, तिच्यावर डोके टेकल्यावर ती किती उंच उरेल, आणि ती कोणाच्या मानेखाली जावयाची आहे, हे प्रश्न त्याच्या मनात येतच नाहीत.

‘उशी’ हा शब्दही उंचीकडेच बोट दाखवितो. संस्कृतातील ‘उच्छीर्षक’, म्हणजे मस्तक वर उचलणारे, ह्या शब्दापासून तो आला. घरातील तिची भावंडे तिच्याहून निराळी आहेत. लोड, तक्क्या आणि गिरदी ही बैठकीची मंडळी. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील जुन्या मराठी वाड्यांत पांढऱ्याशुभ्र गादीवर मांडलेले लोड म्हणजे घराची प्रतिष्ठाच. परंतु लोड हा पाठीसाठी, कोपरासाठी घडविलेला असतो. दुपारच्या जेवणानंतर त्याच लोडावर मान टाकून घटकाभर डोळा लावणारे गृहस्थ चार वाजता उठतात ते मान एका बाजूला धरूनच. त्याचा दोष मग वाऱ्याला, पंख्याला किंवा भाजीतील वाटाण्याला दिला जातो. लोडावर मात्र कोणी संशय घेत नाही.

मानेची रचना थोडक्यात ध्यानात घेतली म्हणजे पुढील सर्व उलगडते. मानेत सात मणके असतात. त्यांच्या ह्या लहानशा मनोऱ्यावर दिवसभर साडेचार ते पाच किलोग्रॅम वजनाचे मस्तक तोललेले असते. हा मनोरा सरळ नाही. त्याला पुढच्या बाजूला किंचित बाक आहे. दोन मणक्यांमध्ये लवचिक चकत्या असतात. प्रौढ माणसाच्या ह्या चकत्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच. दिवसभराच्या भाराने त्यांच्यातील पाणी थोडे पिळून निघते, आणि रात्री आडवे झाल्यावर, भार उतरल्यावर, त्या ते पुन्हा शोषून घेतात. संपूर्ण पाठीच्या कण्यात हे घडत असल्यामुळे मनुष्य सकाळी उठतो तेव्हा आदल्या संध्याकाळपेक्षा सुमारे एक सेंटिमीटर उंच असतो. म्हणजे रात्र ही मानेची विसाव्याची वेळ. त्या वेळी मान वाकडी ठेवली, तर स्नायू तिला सांभाळण्यासाठी रात्रभर ताठ राहतात. सकाळी मान ‘धरते’ ती त्यामुळे. आयुर्वेदाने ह्या व्याधीला मन्यास्तंभ असे भारदस्त नाव दिले आहे. घरी तिला ‘मान अवघडली’ म्हणतात.

उशीचे काम एवढेच की, अंथरूण आणि मान ह्यांच्यामध्ये जी पोकळी राहते ती भरून काढावयाची. कमी भरली तरी वाईट, जास्त भरली तरी वाईट.

प्राचीन लोकांनी ही पोकळी भरण्यासाठी जे पदार्थ वापरले ते पाहिले, तर आजचा मनुष्य थक्क होईल. इजिप्तमध्ये लाकडाच्या, दगडाच्या आणि हस्तिदंताच्या उश्या होत्या. खाली बैठक, मध्ये खांब आणि वर चंद्रकोरीसारखा खोलगट पाळणा, असा त्यांचा घाट. १९२२ साली तुतनखामेन राजाची कबर सापडली तीत अशा अनेक उश्या होत्या; त्यांतील हस्तिदंताच्या एका उशीवर वायूचा देव शू मधोमध बसून दोन्ही हातांनी उशीचा पाळणा तोलून धरीत आहे. चीनमध्ये सुंग राजवटीत, म्हणजे ९६० ते १२७९ ह्या काळात, चिनी मातीच्या उश्या घडवीत. पोटावर लोळणाऱ्या बालकाच्या आकाराची एक उशी तर फार प्रसिद्ध आहे. जपानमधील स्त्रिया केशरचना मोडू नये म्हणून लहानशा लाकडी खोक्यावर सुरळी ठेवून तिच्यावर मानच तेवढी टेकवीत. आपल्याकडेही डोक्याखाली जेवणाचा पाट घेऊन सुखाने घोरणारे आजोबा अनेक घरांनी पाहिलेले आहेत. ह्या सर्वांचा अर्थ असा की, मऊपणा हा उशीचा प्राण नव्हे. मानेची पोकळी भरली की दगडावरही झोप लागते. बायबलातील याकोब तर दगडावर डोके ठेवूनच झोपला, आणि त्याला स्वर्गापर्यंत पोहोचणाऱ्या शिडीचे स्वप्न पडले.

पण जपानी उशीच्या कथेचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांत तेथील सरदारांतही केस सांभाळण्यासाठी फार उंच उश्या घेण्याची रीत होती. २०२४ साली ओसाका येथील राष्ट्रीय मेंदू व हृदयविकार केंद्रातील डॉक्टरांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीचे अस्तर आपोआप फाटून पक्षाघात येणारे काही रुग्ण असतात. तसे ५३ रुग्ण आणि तुलनेसाठी इतर ५३ रुग्ण घेऊन त्यांनी त्यांच्या उश्यांची उंची विचारात घेतली. बारा सेंटिमीटर वा त्याहून उंच उश्या घेणारे पहिल्या गटात दुपटीहून अधिक निघाले, आणि उशी जितकी टणक तितका हा संबंध अधिक ठळक दिसला. उंच उशीमुळे मान पुढे वाकून राहते आणि त्या स्थितीत डोके वळले की रोहिणीवर ताण पडतो, असा त्यांचा तर्क आहे. ही व्याधी विरळा आहे, तेव्हा घरातील उंच उश्या आजच माळ्यावर टाकावयास नकोत. परंतु दोन-दोन उश्या एकावर एक रचून, हनुवटी छातीला टेकवून उताणे झोपणाऱ्यांनी हे वाचून एक उशी खाली काढावी, इतका बोध घेण्यास हरकत नाही.

आता आपली उशी किती उंच असावी? ह्याचे उत्तर झोपण्याच्या पद्धतीवर आणि अंथरुणावर अवलंबून आहे, आणि ते काढण्यास एक भिंत पुरते.

कुशीवर झोपणाऱ्याने भिंतीला बाजूने खांदा लावून सरळ उभे राहावे, नजर समोर ठेवावी आणि घरातील दुसऱ्या कोणाकडून कान व भिंत ह्यांमधील अंतर पट्टीने मोजून घ्यावे. भिंत म्हणजे गादी समजावी. मग ते अंतर म्हणजेच उशीची उंची. रुंद खांद्याच्या पुरुषाची आणि किरकोळ बांध्याच्या स्त्रीची ही मापे शेजारी शेजारी लिहिली, म्हणजे एका घरातील सर्व उश्या एकाच मापाच्या का नसाव्यात हे निराळे सांगावे लागत नाही. ह्यात दोन दुरुस्त्या करावयाच्या. पहिली अशी की, ही उंची डोके टेकल्यानंतरची आहे. दुकानातील फुगलेली उशी डोक्याखाली किती दबते हे पाहिले पाहिजे. दुसरी अंथरुणाची. सतरंजीवर वा घट्ट कापसाच्या गादीवर झोपणाऱ्याचा खांदा खाली रुतत नाही, म्हणून त्याला पूर्ण उंची हवी. मऊ गादीत खांदा खोल जातो, तेव्हा त्या मानाने उशी बेताची पुरे. नवी जाड गादी घरात आली आणि जुनीच उशी कायम राहिली की मान दुखू लागते, ह्याचे कारण हेच. लोक गादीला नावे ठेवतात. वस्तुतः गादी आणि उशी ह्यांचा मेळ बिघडलेला असतो.

उताणे झोपणाऱ्याला ह्याहून पुष्कळच कमी उंची लागते. त्याची परीक्षा सोपी आहे. तो उशीवर पडला असता कपाळ आणि हनुवटी साधारण एका पातळीत असावीत. हनुवटी छातीकडे झुकली तर उशी उंच. ती आढ्याकडे गेली आणि डोके मागे पडले तर उशी कमी. डोक्याखाली थोडे आणि मानेखाली जरा अधिक, अशी भर असली तर उत्तम. त्यासाठी महागडी वळणदार उशीच हवी असे नाही. एखादा जुना पंचा घट्ट गुंडाळून अभ्य्राच्या आत, उशीच्या मानेकडील कडेला सरकवून ठेवला तरी काम भागते. आणि खांदे उशीवर घेऊ नयेत. उशी मानेसाठी आहे. खांद्यांची जागा गादीवर.

पालथे झोपणाऱ्यांची गोष्ट अवघड. त्यांना श्वास घेण्यासाठी मान रात्रभर एका बाजूला वळवून ठेवावी लागते. त्यांनी डोक्याखाली अगदी पातळ उशी घ्यावी किंवा घेऊच नये, हवी तर पोटाखाली घ्यावी. आणि जमल्यास ती सवयच सोडावी.

मराठीत ‘वामकुक्षी’ हा शब्द दुपारच्या झोपेला सरसकट लावला जातो, पण त्याचा खरा अर्थ डावी कूस असा आहे. जेवणानंतर डाव्या कुशीवर पडावे, ह्या जुन्या शिकवणीला आधुनिक वैद्यकाचाही दुजोरा मिळाला आहे: पोटाच्या वाकणामुळे त्या स्थितीत आम्लरस घशाकडे कमी येतो. वामकुक्षी घेणारे सहसा हाताची घडी उशाला घेतात. तो हात थोड्या वेळाने बधिर होतो. त्यापेक्षा योग्य उंचीची उशी घेऊन हात मोकळा ठेवणे बरे. गर्भवती स्त्रीने कुशीवर झोपावे. तिने एक उशी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये घेतली तर कमरेचा ताण पुष्कळ हलका होतो. त्या कामी गोधडीची वळकटीही चालते.

माप ठरले, आता आत काय भरावयाचे हा प्रश्न. जुन्या काळी ह्याचे उत्तर गल्लीतूनच चालत येई. खांद्यावर भल्या मोठ्या धनुष्यासारखे पिंजण घेतलेला पिंजारी त्याच्या तातेला हलकासा झणत्कार देत दारावरून जाई. बेळगावाकडे त्यांना नदाफ म्हणत. घरधनीण जुन्या गाद्या-उश्या अंगणात काढी. पिंजारी त्या उसवी, आतील गाठाळलेला, काळवंडलेला कापूस बाहेर काढी, आणि लाकडी ठोक्याने तात थरथरवीत तो असा पिंजून काढी की पाहता पाहता त्याचा ढग होई. मुलांना तो दिवस सणासारखा वाटे. केसांत, भुवयांत कापूस अडकवून सारी आळी भोवती उभी असे. मग त्याच कापसाच्या पुन्हा उश्या भरल्या जात. आता ते पिंजण क्वचितच ऐकू येते. त्याची जागा यंत्राने घेतली आहे. पण कापूस पिंजून देणारी दुकाने अजून आहेत.

ह्या रीतीतील एक गुण मात्र लक्षात न येताच हरवला. पिंजाऱ्याची उशी डोळ्यांदेखत भरली जाई. ‘ही आजीची, पातळ भरा, ही धन्याची, जरा उंच करा’ असे सांगण्याची सोय होती. परंतु ती सोय घेतली कोणी? बहुतेक घरांतून एकच आज्ञा सुटे: ‘चांगली गच्च भरा!’ गच्च भरलेली उशी म्हणजे पैशाचे मोल पुरेपूर मिळाले, अशी समजूत. लेकीच्या रुखवतातील उश्या तर इतक्या टच्च भरीत की त्यांच्यावर डोके ठरत नसे. वर त्यांना जाड रेशमाने भरलेले ‘गुड नाइट’ किंवा ‘स्वीट ड्रीम्स’ असे अभ्रे! सकाळी ती अक्षरे उलटी होऊन गालावर उमटत.

कापूस हा आपल्या हवेला मानवणारा पदार्थ आहे. तो घाम शोषतो आणि हवा खेळती ठेवतो. त्याचा दोषही त्याच गुणात आहे. सामान्य हवेतसुद्धा कापूस आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के ओलावा धरून असतो. हवा दमट झाली की तो आणखी पितो. गोव्याच्या पावसाळ्यात चार महिने काढलेली कापसाची उशी जड होते, बसते, गाठाळते आणि तिची उंची निम्म्यावर येते. ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत तीच उशी कितीतरी अधिक काळ फुललेली राहते. म्हणून उशीचा विचार गावाची हवा सोडून करता येत नाही.

सावरीचा, म्हणजे शाल्मलीचा, कापूस हा दुसरा जुना पदार्थ. शिशिर सरता सरता निष्पर्ण झाडावर लाल फुले पेटतात आणि उन्हाळ्यात बोंडे फुटून रेशमासारखा कापूस वाऱ्यावर उडू लागतो. त्याचे तंतू गुळगुळीत आणि आखूड असल्यामुळे त्याचे सूत निघणे कठीण. उशीसाठी मात्र तो नामी. ह्याच कुळातील पांढऱ्या सावरीचा तंतू आतून पोकळ असतो आणि त्याच्यावर मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे तो पाण्याने भिजत नाही. पूर्वी बोटीवरील जीवरक्षक जाकिटांत हाच भरीत. दुसऱ्या महायुद्धात जावा बेट जपान्यांच्या हाती गेल्यावर अमेरिकेला हा कापूस मिळेनासा झाला. तेव्हा तेथील शाळकरी मुलांनी रुईच्या कुळातील एका झुडपाची बोंडे पोती भरभरून गोळा केली आणि त्यांच्या आतील ‘म्हाताऱ्या’ जाकिटांत भरल्या गेल्या. सावरीची उशी हलकी आणि थंड असते. पण ती डोक्याखाली फार दबते, आणि काही वर्षांनी तिच्यातील तंतू मोडून भुगा होतो. उताण्या झोपणाऱ्याला ती सुखाची; रुंद खांद्याच्या, कुशीवर झोपणाऱ्या माणसाला तिचा आधार पुरा पडत नाही.

रबराच्या चिकापासून फेस करून उशी बनविण्याची रीत १९२९ च्या सुमारास इंग्लंडात निघाली, आणि पुढे अशा उशीला घराघरांतून ‘डनलॉपची उशी’ हेच नाव पडले. ती दबते आणि लगेच वर येते, गाठाळत नाही, दमट हवेत टिकते. उंची कायम राखणे हा तिचा मोठा गुण. मात्र तिला कडक ऊन दाखवू नये; रबर वाळून त्याचा चुरा होऊ लागतो. हल्ली ज्या उशीची जाहिरात फार होते, ती ‘मेमरी फोम’ची उशी १९६६ साली जन्मलेल्या एका शोधाची संतती आहे: अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेसाठी चार्ल्स योस्ट ह्यांनी विमानातील आसनाकरिता तो पदार्थ तयार केला. ऊब लागली की तो मऊ होऊन मस्तकाचा आकार घेतो, थंडीत कडक होतो. ग्वाल्हेरच्या जानेवारीत ही उशी पहिल्या प्रहरी विटेसारखी लागते आणि कोकणपट्टीच्या मे महिन्यात डोके तापविते. ज्यांची मान मुळातच दुखरी आहे त्यांना तिचा उपयोग होतो, पण महाग म्हणून चांगली असे तिच्याविषयी धरून चालू नये. कृत्रिम धाग्याची उशी स्वस्त, हलकी आणि घरी धुता येण्याजोगी. परंतु ती लवकर बसते. तिची परीक्षा अशी: मधोमध घडी घालून सोडून द्यावी, ती आपण होऊन उलगडली नाही तर तिचे आयुष्य संपले.

नवी उशी कोणतीही असो, तिला आठवडाभर अवधी द्यावा, कारण मानेलाही सवय बदलावयास वेळ लागतो. त्यानंतरही मान दुखत राहिली, विशेषतः हाताला मुंग्या येऊ लागल्या किंवा पकड सैल झाली, तर उश्या बदलीत बसू नये, डॉक्टरांकडे जावे.

मान अवघडली की उशी उन्हात टाकावी, असा एक उपाय जुन्या बायका सांगत. ऐकणारे हसतात, पण कापसाच्या उशीपुरता त्यात पुष्कळ अर्थ आहे. उन्हाने ओलावा उडतो, दबलेले तंतू मोकळे होतात आणि बसलेली उशी पुन्हा फुलते. म्हणजे ज्या उंचीच्या अभावी मान धरली ती उंचीच परत मिळते! उन्हाचा दुसराही लाभ आहे. उशीत, गादीत, मिलिमीटरच्या एकतृतीयांशाएवढे सूक्ष्म कीटक राहतात आणि माणसाच्या गळणाऱ्या त्वचेवर जगतात. ते पाणी पीत नाहीत. हवेतील ओलावाच शोषून घेतात. म्हणून दमट खोलीत ते वाढतात आणि कोरड्या उन्हात सुकून जातात. घरातील धुळीने येणारा दमा आणि शिंका ह्यांचे मूळ बऱ्याच अंशी ह्या कीटकांत आहे, हे १९६० नंतरच्या दशकात हॉलंडमधील लायडेन येथील संशोधकांनी दाखविले. आठवड्यातून एकदा अभ्रा चांगल्या कढत पाण्यात, साठ अंश सेल्सियसच्या आसपास, धुवावा. उशीला आत एक साधी खोळ आणि वर अभ्रा असे दुहेरी आवरण असावे, आणि पाऊस उघडल्यावर पहिल्या खणखणीत उन्हात कापसाच्या उश्या गच्चीवर जाव्यात.

येथवर मान दुखण्याचीच गोष्ट झाली. ह्यापुढील दोन गोष्टी जिवाशी निगडित आहेत.

पहिली तान्ह्या बाळाची. बाळाचे डोके गोल व्हावे म्हणून त्याच्याखाली मोहरीची उशी किंवा चुंबळीसारखी कापडी कडी ठेवण्याची आपल्याकडे चाल आहे, आणि ती प्रेमापोटीच आलेली आहे. परंतु बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि मागे फुगीर असते. सपाट अंथरुणावरच त्याची मान जेवढी हवी तेवढी उचललेली असते. खाली उशी घातली की हनुवटी छातीला टेकते आणि नाजूक श्वासनलिका दबते. मऊ उशीत तोंड खुपसले गेले तर ते बाळाला आपण होऊन वळविता येत नाही. बाळाला पाठीवर, घट्ट आणि सपाट अंथरुणावर, उशीशिवाय निजवावे. बाळाला पालथे निजवू नये, हा सल्ला अमेरिकेतील बालवैद्यांनी १९९२ साली दिला आणि १९९४ पासून बाळाला पाठीवर निजविण्याचा देशभर प्रचार झाला. पुढील दहा-बारा वर्षांत तेथील झोपेतील अकस्मात बालमृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. निदान वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाच्या डोक्याखाली काही नको. डोके एका बाजूने चपटे होऊ नये म्हणून निजविताना त्याचे तोंड आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे करावे. ते जागे असताना, मोठ्यांच्या नजरेखाली, काही वेळ पालथे घालावे. आजीने हौसेने शिवलेली मोहरीची उशी टाकून देण्याचे कारण नाही. ती पाळण्याबाहेर खेळावयास चालेल.

दुसरी गोष्ट घरातील वृद्धांची. आयुष्यभर एका उशीवर झोपलेले वडील एके दिवशी दुसरी मागतात, महिन्याभराने तिसरी, आणि पुढे भिंतीला टेकून बसूनच रात्र काढू लागतात. घरच्यांना वाटते, म्हातारपणी माणूस हट्टी होतो. खरे कारण निराळे असू शकते. आडवे झाले की पायांकडील रक्त छातीकडे परतते. दुर्बल हृदयाला ते पुढे ढकलणे जमत नाही, फुप्फुसांत पाणी साठते आणि श्वास कोंडतो. मस्तक व छाती उंच केली की बरे वाटते, म्हणून उश्या वाढत जातात. हृदय कमकुवत होत असल्याची ही ठळक खूण आहे; म्हणूनच डॉक्टर अशा रुग्णाला ‘रात्री किती उश्या घेता?’ असे मुद्दाम विचारतात आणि ती संख्या कागदावर लिहून ठेवतात. चरकसंहितेतही तमकश्वासाच्या वर्णनात, रोगी पडला की कासावीस होतो आणि उठून बसला की त्याला सुख वाटते, असे नोंदविलेले आहे. पुष्कळ आजार बसल्याने सुसह्य होतात. म्हणून कोणता आजार आहे हे घरी ठरवू नये. छातीत जळजळ होते एवढ्याच कारणाने उंच झोपणाऱ्यासाठी मात्र उश्यांची चळत कामाची नाही, कारण तीमुळे शरीर पोटातच दुमडते. त्यापेक्षा पलंगाच्या उशाकडील पायांखाली पंधरा-वीस सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे द्यावेत.

डॉक्टरांच्या त्या प्रश्नाला रुग्ण स्वतः बहुधा ‘एकच’ असे उत्तर देतो. सांगण्याची लाज वाटते किंवा खरोखर ध्यानात नसते. अंथरूण घालणारी सून किंवा नात बरोबर असली तर खरे कळते. दिवाळीला किती उश्या होत्या आणि होळीला किती झाल्या, रात्री श्वास लागून कितीदा उठावे लागले, संध्याकाळी पावलांवर सूज येते का आणि जोडा घट्ट होतो का, हे सारे तिने तेथेच सांगावे, आणि पुढच्या महिन्याची वाट न पाहता सांगावे.